आठ जण ‘हो’ म्हणाले, आले दोघं: रोलप्लेइंग गेमसाठी भिडू जमवायचे कसे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकला कॉलेजात असताना तुम्ही मित्रांबरोबर डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, खेळायचात: टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. आता नोकरीसाठी पुण्यात, राहायला बाणेरला, ऑफिस हिंजवडीत. दोन-तीन ग्रुपांवर ‘कॅम्पेन सुरू करतोय, कुणी येणार का?’ असं टाकलंत. आठ जणांनी ‘इंटरेस्टेड’ लिहिलं, वेगळा ग्रुप झाला, तारखेवर तीन आठवडे खल झाला आणि ठरलेल्या रविवारी दोघंच उगवले. म्हणून विचारताय की खेळणारी माणसं आहेत तरी कुठे, अनुभवी शोधावीत की नवखी, आणि आलेल्या त्या दोघांना आता काय सांगायचं.

मी पुण्यात बरीच वर्षं डाव चालवते, जवळजवळ नेहमी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणून डाव चालवणारा) म्हणूनच. त्या जोरावर सांगते, माणसं मिळण्यात तुमचं काही अडलेलं नाही. अनोळखी गावात एका मेसेजवर आठ जणांनी हात वर केले, हे चांगलंच आहे. अडलंय ते तुम्ही काय मागितलंत त्यात. कॅम्पेन म्हणजे दर रविवारी चार तास, कित्येक महिने, अनोळखी लोकांबरोबर, तेही तुमच्या फ्लॅटवर. एवढं मोठं वचन कुणी शुद्धीत देत नाही, पण ‘इंटरेस्टेड’ लिहायला काही पडत नाही. वर्षभराचे भिडू जाहिरात देऊन मिळत नाहीत. एका संध्याकाळचे मिळतात, आणि त्यातले जे ‘पुढचं कधी?’ विचारतात त्यांचा हळूहळू ग्रुप होतो. खालचं सगळं याच हिशोबानं लिहिलंय.

आधी एक खुलासा, कारण यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही स्वतः डीएम व्हायला तयार आहात असं मी गृहीत धरतेय. तयार असाल तर अर्धं काम झालं. सगळीकडे खेळाडू ढीगभर आणि डीएम मोजके असतात. फक्त खेळायचं असेल, तरी जमवाजमव तुम्हालाच करावी लागेल, आणि डीएमला ‘तू फक्त गोष्ट आण, जागा, माणसं, वेळ माझ्याकडे’ असं सांगितलंत तर तो लवकर पटतो. ज्यांना तयारीपेक्षा फोनाफोनीचाच कंटाळा येतो असे डीएम मी पुष्कळ पाहिलेत.

आता आमंत्रण. ‘कुणी येणार का?’ याऐवजी मी असं काहीतरी लिहिते:

‘शनिवार, संध्याकाळी ५ ते ८, डेक्कनजवळच्या बोर्डगेम कॅफेत. चौघांसाठी जागा. एका बैठकीत संपणारी गोष्ट: कोकणातलं एक बंद पडलेलं बंदर. तिथल्या दीपगृहाचा दिवा तीन रात्री आपोआप पेटतोय, आणि बघायला तुम्हाला पाठवलंय. नियम माहीत नसले तरी चालेल. पात्रं तयार आहेत, फासे माझ्याकडे आहेत, काही विकत घ्यायचं नाही. कॅफेचे पैसे ज्याचे त्यानं. बोलणं मराठीत. यायचं असेल तर गुरुवार रात्रीपर्यंत कळवा, आधी सांगेल त्याची जागा.’

यातला सगळ्यात कामाचा शब्द ‘८’ आहे. सुरुवातीची वेळ सगळेच लिहितात, संपायची कुणी लिहीत नाही. नवखा माणूस ज्याला घाबरतो ती गोष्ट म्हणजे रंगलं नाही तर उठता येणार नाही ही. संपायची वेळ लिहिली आणि पाळली की ती भीती जाते. चार जागा लिहिल्यामुळे ‘बघू, जमलं तर येतो’ म्हणणारा आपोआप बाजूला पडतो. तारीख मी ठरवते, मतदान घेत नाही. आठ जणांना सोयीची तारीख शोधत बसलात तर ती कार्तिकी एकादशीपर्यंत सापडत नाही. ज्यांना तुमची तारीख जमते ते या खेपेचे भिडू, बाकीचे पुढच्या.

पैशांचं स्पष्ट लिहा, कारण हा महागडा छंद आहे असा लोकांचा समज असतो. पुस्तकं खरंच महाग आहेत, पण खेळाडूला त्यातलं एकही लागत नाही. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, त्यामुळे ते फुकट आणि कायदेशीर मिळतात. फासे सहा प्रकारचे असतात, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंत. एक संच सगळ्यांना फिरवता येतो, नाहीतर फोनवर अ‍ॅप आहेच.

हे आमंत्रण कुणाला पाठवायचं? इथं माझं मत जरा उलटं आहे. ‘आरपीजी खेळणारे’ असं शोधत जाऊ नका. जी माणसं आधीच कशासाठी तरी नियमानं एकत्र जमतात तिथं जा. या खेळाचा जन्मही तसाच झाला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डी अँड डी छापलं तेव्हा खेळाडू काही आभाळातून पडले नव्हते. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हात आणि मिनेसोटातल्या जुळ्या शहरांत टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारी मंडळी आधीपासून भेटत होती. त्यांच्यासमोर नवा खेळ आला एवढंच.

पुण्यात अशी मंडळी म्हणजे पहिल्यांदा बोर्डगेमवाले. वेळेवर येतात, तीन तास बसू शकतात, नियम ऐकून घ्यायचा संयम असतो. त्यांची एकच अडचण, ‘यात जिंकायचं कसं?’ हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून लवकर जात नाही. दुसरे नाटकवाले. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू असलेल्या शहरात कॉलेजातून एकांकिका करून बाहेर पडलेली, आता आयटीत बसून हात शिवशिवणारी माणसं किती असतील विचार करा. ती पहिल्या पाच मिनिटांत पात्राच्या आवाजात बोलायला लागतात आणि, हे जास्त महत्त्वाचं, समोरचा बोलताना ऐकतात. जी अजून कॉलेजात आहेत त्यांना मात्र ऑगस्टच्या आसपास विचारू नका, तालमीत असतात.

तिसरा गट ऐकून तुम्हाला हसू येईल: ट्रेकवाले. पहाटे साडेपाचच्या गाडीला अनोळखी लोकांबरोबर उभं राहायची त्यांना सवय असते, खर्च वाटून घेण्यात कुरकुर नसते, आणि ‘येतो’ म्हणाले की येतात. जून ते सप्टेंबर रविवारी ती सह्याद्रीत असतात, तेव्हा त्यांच्यासाठी आठवड्यातली मधलीच एखादी संध्याकाळ धरावी लागते. ऑफिसातलं म्हणाल तर पूर्ण टीमला मेल टाकण्यापेक्षा एकाच सहकाऱ्याला विचारा आणि ‘येताना एकाला घेऊन ये’ म्हणा. ओळखीच्या माणसाबरोबर येणारा सहसा टांग मारत नाही. जोडपी छान असतात, फक्त एक लक्षात ठेवायचं की ती एकत्र येतात तशी एकत्रच गळतात, म्हणून चार जागांत एकच जोडपं.

अनुभवी की नवखे? मी नवखे घेते, जमलं तर त्यांच्यात एखादा जाणता. निव्वळ अनुभवी चौघे जमवलेत तर पहिला तासभर डी अँड डीचे २०१४चे नियम की २०२४चे सुधारलेले यावर जाईल, शिवाय प्रत्येकाला आपला जुना डीएम आठवत असतो. दुसरी तऱ्हा म्हणजे ज्यांनी खेळ फक्त यूट्यूबवर पाहिलाय. ‘क्रिटिकल रोल’सारखे कार्यक्रम २०१५ पासून चालू आहेत, त्यामुळे खेळाचं नाव घरोघरी गेलं हे खरं, पण तिथं टेबलाभोवती व्यावसायिक व्हॉइस अ‍ॅक्टर बसलेले असतात. ते बघून आलेल्याला शनिवारी कॅफेत आपला खेळ फिका वाटू शकतो. नवख्याच्या डोक्यात असली मोजपट्टी नसते. जाणता भिडू असेल तर त्याला नवख्याशेजारी बसवा, ‘हा फासा नाही, तो टाक’ एवढं सांगायला.

खेळ डी अँड डीच हवा असा माझा आग्रह नसतो. नाव ओळखीचं असल्यामुळे माणसं पटकन येतात हा त्याचा फायदा. पण गूढकथा आवडणाऱ्यांसाठी ‘कॉल ऑफ थुलू’ समजावायला सोपा आहे: कौशल्यापुढे ६५ लिहिलंय, शंभराच्या फाशांवर ६५ किंवा खाली आलं की जमलं. आणि ज्यांना ‘नियम’ म्हटलं की घाम फुटतो त्यांच्यासाठी जॉन हार्परचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ आहे, सगळे नियम एका पानावर, फुकट.

जागेबद्दल. तुमच्या मेसेजमध्ये ‘माझ्या फ्लॅटवर’ असं होतं. आठातले काही तिथंच गळले असणार, विशेषतः बायका. अनोळखी पुरुषाच्या भाड्याच्या फ्लॅटवर पहिल्याच भेटीला मी गेले नसते, माझ्या मैत्रिणींनाही जाऊ दिलं नसतं. पहिल्या दोन-तीन भेटी सार्वजनिक जागी ठेवा, कोण कोण येणार आहे ते आधी सांगा, आणि पत्ता किंवा फोन नंबर उघड्या ग्रुपवर टाकू नका. बोर्डगेम कॅफे तासावर पैसे घेतात पण उठवत नाहीत. तिथं एकच त्रास, गोंगाट. शनिवारी शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस असतोच. आधी जाऊन मालकाला कोपऱ्यातलं टेबल मागा, रिकाम्या दिवशी येणार असाल तर तो खूश होऊन देतो. साध्या हॉटेलात बसायचा विचार करू नका. चहावर तीन तास बसलेल्यांकडे पुण्यात कसं बघतात ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

आणि बाणेर सोयीचं तुम्हाला आहे, हडपसरच्या माणसाला नाही. वनाझ-रामवाडी मेट्रोलगतची जागा बघा. पिंपरीकडची गाडी सिव्हिल कोर्टला याच मार्गाला मिळते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक ट्रॅफिकला शिव्या न घालता पोचतात. हिंजवडीतून सुटलेल्या माणसाला मधल्या वारी साडेसहाची वेळ देऊ नका, आठलाही तो वाकडच्या पुलापाशी असेल.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ. तिच्यावरच सगळं ठरतं, म्हणून जरा सविस्तर. चौघांसाठी मी पाच पात्रं नेते, म्हणजे सगळ्यात शेवटी आलेल्यालाही निवडायला दोन उरतात. कागदावर तीन ओळी ठळक लिहिलेल्या असतात: तुला काय चांगलं येतं, तुला काय हवंय, आणि डावीकडच्या भिडूबद्दल तुला माहीत असलेली एक गोष्ट. नाव कोरं. नाव स्वतः ठेवलं की पात्र आपलं होतं. नियम एवढाच सांगते: ‘काय करायचंय ते बोल. अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाक, कागदावरचा हा आकडा त्यात मिळव, माझ्या आकड्याएवढं किंवा जास्त आलं की झालं.’ बाकीचे नियम गरज पडेल तसे. दहाव्या मिनिटाला गोष्ट सुरू, आणि विसाव्या मिनिटापर्यंत प्रत्येकानं एक तरी निर्णय घेतलेला असला पाहिजे. पहिल्या अर्ध्या तासात जो नुसता बसून राहिला तो परत येत नाही.

याच दीपगृहाच्या गोष्टीत एकदा एका सहकारी बँकेत काम करणाऱ्या बाई आल्या होत्या, भाच्यानं ओढून आणलेल्या. सगळे म्हाताऱ्या राखणदाराला धमकावतायत, दार तोडायच्या गोष्टी करतायत, आणि हा आपला ‘लेखी हुकूम दाखवा’ यावर अडून बसलाय. बाई तोवर गप्प. मी म्हटलं, ‘तुम्ही काय करताय?’ त्या म्हणाल्या, ‘यांची आवक-जावक नोंदवही कुठे असते? मला फक्त मागचा जावक क्रमांक बघायचाय.’ मग त्यांनी पुढचा क्रमांक टाकून हुकूम तयार केला, शिक्क्याच्या जागी शाई जरा फरफटवली आणि राखणदारासमोर ठेवला. टेबलावर जो हशा पिकला त्यानंतर त्यांना कुणी ओढून आणावं लागलं नाही. डीएमनं अशा वेळी करायचं काम एकच, आपली ठरवलेली मारामारी विसरून तो कागद चालू द्यायचा. फासा मी टाकायला लावला, पण आकडा सोपा ठेवला.

खाणं मध्यावर मागवा, सुरुवातीला नको. वडापाव खाल्लेल्या हातांनी पात्रांचे कागद पुढच्या वेळी वापरण्याजोगे राहत नाहीत, आणि मधली पंधरा मिनिटं ही माणसं एकमेकांशी गोष्टीबाहेरचं बोलतात, ती हवीच असतात. संपल्यावर टेबलावर ‘पुन्हा कधी भेटायचं?’ असं सगळ्यांना विचारू नका. तोंडावर सगळे हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी ज्याला त्याला वेगळा मेसेज करा, पुढच्या तारखेसह. उत्तर यायला चार दिवस लागले तर ते उत्तरच समजायचं.

गळतीचं काय? ती होणारच, आणि ती रागावण्याची नाही, हिशोबाची गोष्ट आहे. समजा तुमचे पाच भिडू आहेत आणि प्रत्येक जण पाचातल्या चार वेळा येतो, म्हणजे बऱ्यापैकी नेमाचा आहे. तरी पाचही जण एकाच दिवशी हजर असण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास, तीन खेपांत एकदा. ‘सगळे असतील तरच खेळू’ असा नियम केलात तर दोन तृतीयांश बैठका रद्द होतील आणि दोन महिन्यांत ग्रुप विरेल. तेच ‘तिघं आले की डाव होणार’ असं ठरवलंत तर शक्यता ९४ टक्क्यांवर जाते. भिडू तेच, नेम तोच, फक्त नियम बदलला. म्हणून मी पाच घेते आणि तिघांवर चालवते. न आलेल्याचं पात्र गावात आजारी पडतं, त्याला शिक्षा नाही. गणपतीचे दहा दिवस, दिवाळीचा आठवडा आणि लग्नाच्या दाट तिथी यांत तारीख धरूच नका.

दोन-तीन अशा संध्याकाळी झाल्या की चार-पाच नावं आपोआप वर येतील. तेव्हा कॅम्पेनचा विषय काढा, आणि तोही फक्त त्यांच्याकडे. कुणाला घ्यायचं नसेल तर वन-शॉटचा, म्हणजे एका बैठकीत संपणाऱ्या डावाचा, हाच फायदा, तुम्ही त्याला पुढचं काही कबूल केलेलं नसतं. मी कोणाला टाळते? जो दुसऱ्याच्या पाळीत फासा हातात घेतो. जो ‘माझं पात्र असंच आहे’ म्हणत भिडूंच्या वस्तू चोरतो. आणि टेबलावरच्या एकुलत्या एक मुलीच्या पात्राशी लगट करणारा, त्याला दुसरी संधी नाही. कारण विचारलं तर ‘आपली खेळायची पद्धत जुळत नाही’ एवढं पुरतं, वाद घालू नका.

मग एक बैठक नुसती बोलायची, जिला सेशन झिरो म्हणतात. वार, वेळ, किती आधी कळवायचं, गोष्ट हलकी की गंभीर. आणि टेबलावर काय नको ते. आपल्याकडे हे मोघम ठेवलं जातं आणि मग तिसऱ्या बैठकीत कुणीतरी जातीवरून नाहीतर देवावरून विनोद करतो. लैंगिक अत्याचार माझ्या टेबलावर येत नाहीत, हे मी आधीच सांगते आणि प्रत्येकाला आपली यादी मला खासगीत पाठवायला सांगते. जॉन स्टॅव्रोपोलस यांची एक्स-कार्डची युक्तीही वापरते: मध्ये फुली मारलेलं एक कार्ड, कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. ते क्वचित वापरलं जातं, पण असतं म्हणून नवखे निवांत बसतात.

ऑनलाइनचा पर्याय तुमच्यासाठी मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन, कारण पुण्यात समोरासमोर जमू शकतं. सांगली-लातूरकडून हेच कुणी विचारलं असतं तर डिस्कॉर्ड (ग्रुपनं बोलायचं अ‍ॅप) आणि रोल-ट्वेंटी (ऑनलाइन खेळायचं टेबल) यांनी सुरुवात करा म्हटलं असतं. तुमचे नाशिकचे जुने मित्र आता कुठे कुठे पांगले असतील, त्यांच्यासाठीही ते बरं. शनिवारी पुण्यात रात्रीचे आठ म्हणजे सिंगापूरला साडेदहा आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. ऑनलाइन बैठक अडीच तासांवर नेऊ नका, त्यानंतर कॅमेऱ्यामागे लोक मेल बघायला लागतात.

राहिले ते दोघं. रविवारी बाणेरपर्यंत आले, म्हणजे तुमच्या आठ जणांतले खरे भिडू तेवढेच. जुना ग्रुप तसाच पडू दे, त्यावर ‘काय झालं रे सगळ्यांना?’ असं काही लिहू नका. या दोघांना आजच वेगळा मेसेज करा: पुढच्या शनिवारी ५ ते ८, कॅफेत, डाव नक्की होणार आहे, तुम्ही प्रत्येकी एकाला घेऊन या. दोघांनीही कुणाला आणलं तर चार झाले. एकानंच आणलं तर तीन, आणि तिघांवर डाव होतो. कुणीच कुणाला आणलं नाही तरी दोघांसाठी बसेल अशी गोष्ट तयार ठेवा, कारण तुम्ही ‘नक्की’ म्हटलंय.